इन्व्हर्टर, ड्राइव्ह आणि सौर यंत्रणांतील हार्मोनिक्स कसे कमी करावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्मोनिक म्हणजे नेमके काय?

आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणजे विद्युतदाबाचा तरंग एका सेकंदात पन्नास आवर्तने पूर्ण करतो आणि आदर्श स्थितीत तो साइन आकाराचा असतो. एखादे उपकरण या तरंगाच्या काही भागातच प्रवाह घेऊ लागले, की प्रवाहाचा आकार बिघडतो. पुन्हा पुन्हा येणारा असा कोणताही बिघडलेला आकार ५० हर्ट्झचा मूळ तरंग आणि त्याच्या पटीतील तरंग यांची बेरीज म्हणून मांडता येतो, हे फ्रेंच गणितज्ञ फूरिए यांचे गणित. पाचवा हार्मोनिक २५० हर्ट्झचा, सातवा ३५० हर्ट्झचा आणि अकरावा ५५० हर्ट्झचा असतो. मूळ तरंगाच्या तुलनेत या सर्वांचे एकत्रित प्रमाण टक्क्यांत सांगितले, की त्याला टीएचडी म्हणतात.

प्रवाहाचा टीएचडी आणि दाबाचा टीएचडी हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि माझ्या अनुभवात निम्मे गैरसमज या दोन आकड्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. प्रवाहातील विकृती उपकरण निर्माण करते. तो प्रवाह केबल, रोहित्र आणि वितरण जाळे यांच्या इम्पीडन्समधून (प्रवाहाला होणाऱ्या एकूण अडथळ्यातून) वाहिला, की दाबातही विकृती उतरते, आणि ती त्याच बसबारवरील (अनेक यंत्रांना वीज वाटणाऱ्या सामाईक धातूपट्टीवरील) निर्दोष यंत्रांनाही सोसावी लागते.

येथे ‘इन्व्हर्टर’ म्हणजे कोणता इन्व्हर्टर अभिप्रेत आहे?

घरात ‘इन्व्हर्टर’ म्हटले की वीज गेल्यावर पंखे आणि दिवे चालवणारा बॅटरीचा डबा डोळ्यांसमोर येतो. कारखान्यात मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हलाही इन्व्हर्टरच म्हणतात, आणि छतावरील सौर पॅनेलची वीज जाळ्यात सोडणारा इन्व्हर्टर हा तिसरा प्रकार. तिन्हींमध्ये एकदिश विजेची प्रत्यावर्ती वीज केली जाते, मात्र तिन्हींचे हार्मोनिक वेगळ्या ठिकाणी जन्माला येतात. ड्राइव्हच्या बाबतीत जाळ्याला होणारा त्रास खुद्द इन्व्हर्टरमुळे होत नाही, तर त्याच्या पुढे बसलेल्या रेक्टिफायरमुळे, म्हणजे जाळ्याच्या प्रत्यावर्ती विजेची आधी एकदिश वीज करणाऱ्या भागामुळे होतो.

ड्राइव्हमुळे पाचवा आणि सातवा हार्मोनिकच का वाढतो?

साध्या ड्राइव्हमध्ये सहा डायोडांचा रेक्टिफायर असतो आणि त्यामागे मोठा कपॅसिटर असतो. दोन फेजांमधला दाब त्या कपॅसिटरवरील दाबापेक्षा वर जातो तेवढ्याच वेळात डायोड वाहतात, त्यामुळे प्रवाह सलग न येता ठोक्यांनी येतो. मोजयंत्राच्या पडद्यावर प्रत्येक अर्धआवर्तनात उंटाच्या वशिंडांसारखे दोन टोकदार उंचवटे दिसतात आणि त्यांच्या मध्ये प्रवाह जवळजवळ शून्यावर येतो. एकदा हे चित्र पाहिले, की ड्राइव्हची केबल अपेक्षेपेक्षा जास्त का तापते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सहा ठोक्यांच्या या रचनेत सहाच्या पटीच्या एक आधीचे आणि एक नंतरचे हार्मोनिक येतात: ५, ७, ११, १३, १७, १९ याप्रमाणे. एकदिश बाजूचा प्रवाह पूर्ण सपाट आहे असे मानले, तर प्रत्येकाचे प्रमाण त्याच्या क्रमांकाने भागून मिळते, म्हणजे पाचवा २० टक्के, सातवा सुमारे १४ टक्के, अकरावा ९ टक्के, आणि एकूण टीएचडी सुमारे ३१ टक्के. प्रत्यक्षात चोक (प्रवाहाचे ठोके बोथट करणारे वेटोळे) नसलेल्या ड्राइव्हमध्ये कपॅसिटरमुळे ठोके अधिक टोकदार होतात आणि टीएचडी ८० टक्क्यांच्याही पुढे जातो.

घरच्या इन्व्हर्टरवर पंखा का गुणगुणतो?

भारनियमनाच्या काळात घरोघरी बसलेल्या स्वस्त इन्व्हर्टरांमधून चौकोनी तरंग बाहेर पडत असे. चौकोनी तरंगात तिसरा हार्मोनिक ३३ टक्के आणि पाचवा २० टक्के असतो आणि एकूण टीएचडी ४८ टक्क्यांच्या आसपास जातो. पंख्याच्या मोटारीत हे हार्मोनिक उपयोगी फिरवणारे बल देत नाहीत, ते कंपन आणि उष्णता निर्माण करतात, आणि तीच गुणगुण आपल्याला ऐकू येते. साइन तरंगाचा इन्व्हर्टर घेणे हा यावरचा सरळ उपाय आहे. चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर वेगळा फिल्टर जोडण्याचा खटाटोप करू नये, कारण खर्च आणि उष्णता या दोन्ही हिशेबांनी तो परवडत नाही.

हार्मोनिक्समुळे प्रत्यक्ष नुकसान कोणते होते?

रोहित्राच्या वेटोळ्यांतील एडी प्रवाहांमुळे (धातूत भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या प्रवाहांमुळे) होणारा ऱ्हास हार्मोनिकच्या क्रमांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून केव्हीए क्षमतेत बसणारा भारही रोहित्राला जड जाऊ शकतो. पाचवा हार्मोनिक मोटारीच्या फिरण्याच्या उलट दिशेचे चुंबकीय क्षेत्र तयार करतो, त्यामुळे थेट जाळ्यावर चालणाऱ्या मोटारी तापतात.

न्यूट्रलचा प्रश्न संगणक, एलईडी दिवे आणि यूपीएस असलेल्या कार्यालयांमध्ये येतो. तिन्ही फेजांमधील तिसरे हार्मोनिक एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात, म्हणून न्यूट्रलमध्ये ते एकमेकांना छेदण्याऐवजी एकमेकांत मिळतात. प्रत्येक फेजमध्ये तिसऱ्या हार्मोनिकचे ३० अँपिअर असतील, तर तिन्ही फेज अगदी समतोल असूनही न्यूट्रलमध्ये ९० अँपिअर वाहतात. जुन्या इमारतींमध्ये न्यूट्रलची तार फेजच्या निम्म्या जाडीची असे. अशा ठिकाणी नवे कार्यालय थाटण्याआधी न्यूट्रल तपासून घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण न्यूट्रलवर सहसा कोणताही फ्यूज नसतो आणि तो जळेपर्यंत कोणालाच पत्ता लागत नाही.

आमच्या पॅनेलमधील कपॅसिटर वारंवार फुगतात. त्याचा हार्मोनिक्सशी संबंध आहे का?

बहुतेक वेळा आहे, आणि या संपूर्ण विषयातील सर्वांत महागडी चूक येथेच होते. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या एकूण शक्तीत उपयोगी शक्तीचे प्रमाण) सुधारण्यासाठी बसवलेला कपॅसिटर आणि रोहित्राचा इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) मिळून एक अनुनादी मंडल तयार होते, म्हणजे एका ठरावीक वारंवारतेला त्यातला प्रवाह खूप वाढतो. ते कोणत्या हार्मोनिकवर अनुनाद साधेल हे काढणे अवघड नाही: रोहित्राच्या दुय्यम बाजूची शॉर्टसर्किट क्षमता केव्हीएमध्ये घ्यावी, तिला कपॅसिटरच्या केव्हीएआरने (रिॲक्टिव्ह, म्हणजे प्रत्यक्ष काम न करणाऱ्या शक्तीच्या एककातील क्षमतेने) भागावे आणि त्याचे वर्गमूळ काढावे.

काही वर्षांपूर्वी एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी हाच हिशेब भिंतीवरच्या फळ्यावर मांडला होता. रोहित्र ५०० केव्हीएचे आणि त्याचा इम्पीडन्स ५ टक्के, म्हणजे शॉर्टसर्किट क्षमता १०,००० केव्हीए. स्वयंचलित पॅनेलमध्ये ५० केव्हीएआरचे चार टप्पे होते. एका टप्प्याला अनुनाद चौदाव्या हार्मोनिकच्या आसपास येतो, दोन टप्प्यांना दहाव्यावर, तिसऱ्या टप्प्याला आठच्या किंचित वर आणि चारही टप्पे आले की ७.०७ वर, म्हणजे जवळजवळ नेमका सातव्यावर. ड्राइव्ह तर सातवा हार्मोनिक सतत ओततच असतात. आम्ही पॅनेलचे दार उघडून मोजयंत्र लावून उभे राहिलो. चौथा कॉन्टॅक्टर (टप्पा जोडणारा स्विच) खटकन बसला आणि पडद्यावरचा सातव्याचा स्तंभ बाकी सर्वांना मागे टाकून वर गेला, पॅनेलची घरघर खोलीभर ऐकू आली आणि कपॅसिटरचा प्रवाह त्याच्या नामांकित आकड्याच्या बराच पुढे गेला. त्या कारखान्याने त्याआधी तीन वेळा कपॅसिटर बदलले होते, दर वेळी अधिक नामांकित बनावटीचे. कपॅसिटरमध्ये दोष नव्हताच.

मग कपॅसिटर काढून टाकावेत का?

नाही, त्यांच्या मालिकेत डीट्यून्ड रिॲक्टर (अनुनाद दुसऱ्या वारंवारतेवर हलवणारे वेटोळे) बसवावा. ७ टक्क्यांचा रिॲक्टर बसवला की त्या शाखेचा अनुनाद १८९ हर्ट्झवर येतो, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या खाली; तेथून वरच्या सर्व हार्मोनिकांना ती शाखा इंडक्टिव्ह दिसते आणि प्रवाह वाढवत नाही. तिसरा हार्मोनिक प्रबळ असलेल्या ठिकाणी १४ टक्क्यांचा रिॲक्टर वापरतात, त्याचा अनुनाद १३४ हर्ट्झवर असतो.

येथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली दाबाची. रिॲक्टरमुळे कपॅसिटरवरचा दाब वाढतो, म्हणून ४४० व्होल्टचा जुना कपॅसिटर तसाच ठेवून फक्त रिॲक्टर जोडणे धोक्याचे आहे. अधिक दाबाचा, साधारणपणे ५२५ व्होल्टचा कपॅसिटर घ्यावा लागतो, आणि ५२५ व्होल्टला ५० केव्हीएआर देणारा कपॅसिटर ४४० व्होल्टच्या जाळ्यावर ७ टक्के रिॲक्टरसह सुमारे ३८ केव्हीएआरच देतो, याचा हिशेब मागणी नोंदवतानाच करावा. दुसरी चूक म्हणजे निम्म्या टप्प्यांना रिॲक्टर आणि निम्मे टप्पे साधे, अशी काटकसर करणे. त्याच बसबारवर राहिलेले साधे कपॅसिटर पुन्हा नवा अनुनाद निर्माण करतात.

डीट्यून्ड रिॲक्टर हार्मोनिक शोषून घेत नाही, तो फक्त त्यांना मोठे होऊ देत नाही. मूळ उगम कमी करण्याचे काम वेगळे करावे लागते.

उगम कमी करण्याची सुरुवात कोठून करावी?

चोकपासून. ड्राइव्हच्या पुढे ३ टक्क्यांचा लाइन चोक किंवा आतमध्ये त्याच तोडीचा डीसी चोक असेल, तर ८० टक्क्यांच्या वरचा टीएचडी साधारण ३५ ते ४५ टक्क्यांवर येतो, आणि एवढा फरक एवढ्या कमी खर्चात दुसरे कोणतेही साधन देत नाही. लाइन चोकचा आणखी एक लाभ असा, की जाळ्यातून येणारे दाबाचे झटके डायोडपर्यंत पोहोचताना बोथट होतात. मोठ्या ड्राइव्हमध्ये डीसी चोक अनेकदा आतच असतो. लहान ड्राइव्हमध्ये तो बहुधा नसतो, आणि वीस लहान ड्राइव्ह मिळून एका मोठ्या ड्राइव्हएवढाच त्रास देतात, म्हणून खरेदीच्या वेळी हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा.

चोक पुरेसा नसेल तर पुढचे पर्याय कोणते?

एकच मोठा भार असेल आणि रोहित्र नव्यानेच घ्यायचे असेल, तर बारा ठोक्यांची रचना उत्तम. रोहित्राची एक दुय्यम बाजू स्टार आणि दुसरी डेल्टा ठेवून दोन रेक्टिफायर चालवले, की त्यांच्यात ३० अंशांचा फरक पडतो आणि पाचवा व सातवा हार्मोनिक एकमेकांना रद्द करतात. हीच कल्पना विनाखर्च वापरता येते हे फारसे कोणी सांगत नाही: एकाच परिसरात दोन रोहित्रे असतील आणि त्यांची जोडणी ३० अंशांनी वेगळी असेल, तर सारख्या क्षमतेचे ड्राइव्ह त्या दोघांवर वाटून दिल्यास उच्चदाब बाजूला पाचव्याचा आणि सातव्याचा बराच भाग आपोआप नाहीसा होतो.

पॅसिव्ह फिल्टर ड्राइव्हच्या पुढे मालिकेत बसतो आणि पूर्ण भाराला टीएचडी ५ ते ८ टक्क्यांपर्यंत आणतो. मात्र भार कमी झाला की त्यातील कपॅसिटरमुळे प्रवाह लीडिंग होतो, म्हणजे दाबाच्या पुढे धावतो. पंप किंवा पंखे दिवसातला बराच वेळ निम्म्याहून कमी भारावर चालत असतील आणि शिवाय जनरेटरवर जात असतील, तर ही बाब आधी तपासावी.

ॲक्टिव्ह हार्मोनिक फिल्टर समांतर जोडतात. तो भाराचा प्रवाह मोजतो, त्यातील हार्मोनिक वेगळे काढतो आणि तेवढाच उलटा प्रवाह आपल्या आयजीबीटी (वेगाने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) इन्व्हर्टरमधून सोडतो, म्हणजे ड्राइव्हच्या रेक्टिफायरने केलेली विकृती हा इन्व्हर्टर खोडतो. यामागचा एक महत्त्वाचा पाया, तत्क्षणिक शक्तीचा सिद्धांत, जपानमध्ये आकागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ च्या सुमारास मांडला. अनेक लहान ड्राइव्ह विखुरलेले असतील आणि भार सतत बदलत असेल, तेथे हा फिल्टर शोभतो. त्याची निवड अँपिअरमध्ये होते, म्हणून आधी सर्व ड्राइव्हना चोक बसवून मग मोजणी केली, तर बराच लहान आणि स्वस्त फिल्टर पुरतो.

लिफ्ट, क्रेन, सेंट्रिफ्यूज अशा वारंवार ब्रेक लावणाऱ्या भारांसाठी मी ॲक्टिव्ह फ्रंट एंडची शिफारस करतो. त्यात डायोडांच्या जागी आयजीबीटी असतात, टीएचडी ५ टक्क्यांच्या खाली राहतो आणि ब्रेकची ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळण्याऐवजी जाळ्याला परत मिळते. केवळ हार्मोनिकसाठी तो घेणे बहुधा महाग पडते.

सौर यंत्रणा बसवल्यानंतर टीएचडी आणि पॉवर फॅक्टर दोन्ही बिघडले. सौर इन्व्हर्टर सदोष आहे का?

घाईने तसा निष्कर्ष काढू नये. एक उदाहरण घेऊ. कारखान्याचा भार २४० किलोवॉट आणि ८० केव्हीएआर आहे. ४१५ व्होल्टला मूळ प्रवाह सुमारे ३५० अँपिअर, त्यात हार्मोनिक ३५ अँपिअर, म्हणजे टीएचडी १० टक्के, आणि पॉवर फॅक्टर ०.९५. आता दुपारी सौर यंत्रणा २०० किलोवॉट देऊ लागली. जाळ्याकडून फक्त ४० किलोवॉट घेतले जातात, पण ८० केव्हीएआर तसेच राहतात, त्यामुळे पॉवर फॅक्टर ०.४५ वर घसरतो. जाळ्याचा मूळ प्रवाह १२४ अँपिअरपर्यंत उतरतो, ड्राइव्हचे ३५ अँपिअर हार्मोनिक मात्र तेवढेच असतात, आणि मीटर २८ टक्के टीएचडी दाखवतो. जाळ्यात एकही अँपिअर हार्मोनिक वाढलेला नाही, केवळ भागाकारातला छेद लहान झाला आहे.

म्हणूनच आयईईई ५१९ या मानकात प्रवाहासाठी टीडीडी हा आकडा वापरतात. त्यात हार्मोनिक प्रवाहाला त्या क्षणाच्या प्रवाहाने न भागता ग्राहकाच्या कमाल मागणीच्या प्रवाहाने भागतात. वरील कारखान्याचा कमाल मागणी प्रवाह ४०० अँपिअर असेल, तर टीडीडी आधीही पावणेनऊ टक्के आणि नंतरही पावणेनऊ टक्केच. पॉवर फॅक्टरचा प्रश्न मात्र खरा आहे. त्यासाठी सौर इन्व्हर्टरला रिॲक्टिव्ह शक्ती देण्याची सेटिंग करता येते, किंवा कपॅसिटर पॅनेलच्या सीटीची (प्रवाह मोजून नियंत्रकाला कळवणाऱ्या लहान रोहित्राची) जागा तपासावी लागते.

सौर इन्व्हर्टरमुळे खरा त्रास होतो तो बहुतेक वेळा अनेक इन्व्हर्टर लांब केबलवर एकत्र चालतात तेव्हा. प्रत्येकाच्या आत गाळणीसाठी कपॅसिटर असतो, ते सर्व मिळून जाळ्याच्या इंडक्टन्सशी अनुनाद साधतात, आणि एकटा असताना शांत चालणारा इन्व्हर्टर समूहात ट्रिप होऊ लागतो.

इन्व्हर्टर बनवणारे आतमध्ये हार्मोनिक कसे कमी करतात?

मुख्य मार्ग पल्स विड्थ मॉड्युलेशनचा. आयजीबीटी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून स्पंदांची रुंदी साइनप्रमाणे बदलतात, त्यामुळे विकृती कमी वारंवारतेवरून उचलली जाऊन स्विचिंगच्या वारंवारतेभोवती जाऊन बसते, आणि तेथे ती लहानशा गाळणीने अडवता येते. जाळ्याला जोडलेल्या इन्व्हर्टरमध्ये ही गाळणी सहसा एलसीएल प्रकारची (दोन वेटोळी आणि मध्ये कपॅसिटर) असते. तिची अनुनादी वारंवारता मूळ वारंवारतेच्या दहापटीपेक्षा जास्त आणि स्विचिंगच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवण्याचा संकेत आहे.

वरचा आणि खालचा आयजीबीटी एकाच वेळी चालू होऊ नये म्हणून मध्ये सोडलेला सूक्ष्म अवकाश पुन्हा पाचवा आणि सातवा हार्मोनिक निर्माण करतो, आणि चांगल्या नियंत्रकात त्याची भरपाई केलेली असते. फार मोठ्या क्षमतेत, जेथे वेगाने स्विचिंग करणे परवडत नाही, तेथे ठरावीक कोनांवरच स्विच करून निवडक हार्मोनिक नाहीसे करण्याची पद्धत वापरतात. ती पटेल आणि हॉफ्ट यांनी १९७३ मध्ये मांडली. तीन पातळ्यांच्या इन्व्हर्टरमध्ये तरंगाच्या पायऱ्या वाढतात, म्हणून गाळणी आणखी लहान होते.

नियमांनुसार मर्यादा किती आहे?

आयईईई ५१९ ची २०१४ आणि २०२२ ची आवृत्ती १ किलोव्होल्टपर्यंतच्या दाबासाठी दाबाचा टीएचडी ८ टक्के आणि कोणताही एक हार्मोनिक ५ टक्के इतकी मर्यादा घालते. त्यावर ६९ किलोव्होल्टपर्यंत हे आकडे ५ आणि ३ टक्के आहेत, म्हणजे आपल्या ११, २२ आणि ३३ किलोव्होल्टच्या वाहिन्या यात येतात. प्रवाहाची टीडीडी मर्यादा जाळ्याच्या ताकदीवर अवलंबून असते: शॉर्टसर्किट प्रवाह ग्राहकाच्या मागणीच्या २० पटींहून कमी असेल तर ५ टक्के, आणि १००० पटींहून अधिक असेल तर २० टक्क्यांपर्यंत.

या मर्यादा ग्राहक जाळ्याला जेथे जोडला जातो त्या बिंदूवर लागू होतात, प्रत्येक ड्राइव्हच्या टर्मिनलवर नव्हे. निविदांमध्ये हे सर्रास चुकीचे लिहिलेले आढळते आणि त्यापायी अनावश्यक खर्च होतो. विखुरलेल्या वीजनिर्मितीसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांनी याच मानकाचा आधार घेतला आहे, आणि इन्व्हर्टरमधून जाळ्यात जाणारा एकदिश प्रवाह नामांकित प्रवाहाच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नसावा अशी अटही घातली आहे.

हार्मोनिक कमी केल्याने वीजबिल किती कमी होईल?

महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे केवळ उपयोगी युनिटांवर नव्हे तर घेतलेल्या एकूण शक्तीवर आकारणी होते, त्यामुळे पॉवर फॅक्टरची प्रत्येक घसरण बिलात उतरते. प्रवाहाचा टीएचडी ४० टक्के असेल तर केवळ विकृतीमुळे पॉवर फॅक्टर ०.९३ च्या वर जाऊ शकत नाही, आणि कपॅसिटर कितीही वाढवले तरी ही तूट भरून येत नाही. मीटर पूर्ण तरंगावर हिशेब करतो की केवळ मूळ वारंवारतेवर, यावर बिलातला प्रत्यक्ष फरक ठरतो.

फिल्टर बसवल्यावर युनिटमध्ये १५-२० टक्के बचत होईल असे कोणी सांगत असेल, तर तो दावा मी स्वीकारणार नाही, आणि आपणही आधी व नंतरची मोजणी लेखी मागावी. खरा लाभ रोहित्र, केबल आणि कपॅसिटर यांच्या आयुष्यात आणि बंद न पडणाऱ्या उत्पादनात असतो.

वीज गेल्यावर जनरेटरवर यंत्रे का बिघडतात?

रोहित्राचा इम्पीडन्स साधारण ५ टक्के असतो, तर जनरेटरचा या कामी लागणारा रिॲक्टन्स १२ ते १५ टक्के. तोच हार्मोनिक प्रवाह तेवढ्याच क्षमतेच्या जनरेटरवर दाबात अडीच ते तीनपट विकृती निर्माण करतो. त्यामुळे दाब नियंत्रक गोंधळतो, जनरेटरचा आवाज वरखाली होतो आणि यूपीएस बायपासवर जाण्यास नकार देतो. मोजणी जाळ्यावर आणि जनरेटरवर अशी दोनदा करावी.

मोजणी कशी करावी?

वर्ग ‘अ’ चे वीज गुणवत्ता विश्लेषक यंत्र मुख्य इन्कमरवर (बाहेरून वीज आत येते त्या मुख्य स्विचवर) एक आठवडा लावावे, म्हणजे साप्ताहिक सुटीचा हलका भारही नोंदीत येतो. रात्रीच्या हलक्या भारात अनुनाद अधिक तीव्र होतो, कारण त्याला दाबून ठेवणारा भार बंद असतो. कपॅसिटर चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींची नोंद घ्यावी. साधा क्लॅम्प मीटर टोकदार प्रवाह बराच कमी दाखवतो, म्हणून ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेलाच वापरावा.

ॲक्टिव्ह फिल्टर बसवूनही टीएचडी कमी होत नाही, उलट वाढतो. काय तपासावे?

सर्वप्रथम सीटी तपासावेत. सीटीचा बाण उलटा बसला किंवा दोन फेजांची अदलाबदल झाली, तर फिल्टर हार्मोनिक खोडण्याऐवजी त्यात भर घालतो. फिल्टरची माहिती देणारे सीटी भाराच्या बाजूला आहेत की जाळ्याच्या, आणि नियंत्रकात तशीच सेटिंग आहे का, हे त्यानंतर पाहावे. तेही बरोबर असेल, तर त्याच बसबारवरील साधे कपॅसिटर बंद करून पुन्हा पाहावे, कारण फिल्टरने सोडलेला उलटा प्रवाह ते वाटेतच गिळत असतात.